फियाटची पाठवणी

तो नवस मी गणेशखिंडीत बोलले होते, भर दुपारी, रस्त्याच्या कडेला उभी राहून. कडेवर आमची लेक अक्षदा होती, वर्षाची. तिचं अंग तव्यासारखं तापलेलं. समोर आमची दुधी रंगाची फियाट होती आणि ती अक्षदापेक्षाही तापलेली. जुन्नरला डॉक्टरांकडे निघालो होतो आणि गाडीनं ऐन चढावर मान टाकली होती. आमचे हे बॉनेट उघडून आत बघत होते, पण परक्याच्या स्वयंपाकघरात डोकावल्यासारखे. मी गाडीच्या मडगार्डवर हात ठेवला (चटका बसला, पण मी हात काढला नाही) आणि आमच्या डिंगोऱ्याच्या कळमजाईला म्हटलं, "आई, हिला चालू कर. हिला मी कधी भंगारात जाऊ देणार नाही. जायची वेळ आलीच तर लेकीसारखी ओटी भरून चांगल्या घरी पाठवीन."

गाडी चालू झाली. ह्यांचं म्हणणं, इंजिनात पाणी घालायचं राहून गेलं होतं, ते घातल्यावर झाली. असेल. पण पाण्याची कळशी घेऊन नेमकी त्याच वेळी खिंडीत जी बाई आली, तिला कुणी पाठवलं, याचं उत्तर ह्यांच्याकडे आजही नाही.

मी नवस बोलणारी बाई आहे आणि फेडणारीही आहे. ह्यांना मंडईत भाव मिळावा म्हणून, अक्षदाच्या बारावीसाठी, तिच्या लग्नासाठी, एकदा तर हरवलेल्या गॅसच्या पुस्तकासाठी. यातले बरेचसे नवस लेण्याद्रीचे. पायऱ्या चढायच्या मी आणि सोबत म्हणून ह्यांनी. देवानं माझी प्रत्येक इच्छा पुरवली आणि त्या पायऱ्यांनी ह्यांचे गुडघे घेतले. हे कधी तक्रार करत नाहीत. फक्त माझा चेहरा नवस बोलण्यासारखा झाला की आधी विचारतात, "देव सपाटीवरचा आहे ना?"

तर या दिवाळीनंतर हे एकदा फियाट शेडमध्ये लावून आले, गुडघ्याला तेल चोळत बसले आणि म्हणाले, "आता क्लच दाबवत नाही. गाडी देऊन टाकू."

मी तेलाची वाटी त्यांच्याजवळ सरकवली. माझ्या नवसांनी गेलेले गुडघे, मी काय बोलणार?

आळेफाट्याहून एक भंगारवाला आला. त्यानं गाडीला हातही लावला नाही. नुसता भोवती एक फेरा मारला आणि वजनावर किंमत सांगितली. वांग्याचं पोतं असावं तशी. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. रात्री अक्षदाला फोन केला. ती पुण्यात असते, नोकरी करते. ती म्हणाली, "आई, जुन्या गाड्यांचा ऑनलाइन लिलाव असतो. हौशी लोक घेतात. मी टाकते आपली गाडी."

लिलाव म्हटल्यावर मला बरं वाटलं. लिलावातलं मला कळतं.

अक्षदा रविवारी आली, तिनं फोटो काढले, सगळी माहिती भरली, माझ्या मोबाईलवर ती साइट उघडून दिली आणि गेली. आठवडाभर बोली चालणार होती. बोली लावणाऱ्यांची नावं कंपनी अर्धी झाकून ठेवते. खाली मात्र प्रश्न विचारायची जागा असते आणि तिथं नाव दिसतं. मी रोज देवपूजा झाली की ते प्रश्न वाचायची. कुणी विचारलं, कागदपत्रं पूर्ण आहेत का. कुणी विचारलं, टायर बदलून देणार का. आणि 'कोयनाकाठ' नावाच्या एकानं विचारलं, "गाडी रोज कोण पुसतं?"

मी ह्यांना उत्तर लिहायला लावलं, "मालक स्वतः."

त्यावर त्याचं आलं, "फोटोत कळतं. माझ्याकडे अशीच एक आहे. आमच्या पाटण भागात कुणाच्याही लेकीचं लग्न असलं की पाठवणीला मी ती घेऊन जातो, पैसे घेत नाही. आता तिला एकटीला झेपत नाही. जोडीला दुसरी बघतोय."

मी मोबाईल देव्हाऱ्यासमोर ठेवला आणि हळदीकुंकू वाहिलं. (स्क्रीनवर कुंकू सांडलं. तो ठिपका अजून आहे.) लेकींना सासरी पोचवणारं घर. याहून चांगलं घर देवी कुठून शोधून देणार होती?

त्याची बोली होती एक लाख दहा हजार. त्यावर कुणीच जाईना. ह्यांनी मोबाईल बघितला, खाली ठेवला आणि त्या दिवशी दुसरी भाकरी नको म्हणाले. तीस वर्षं ज्या गाडीला हातानं पुसलं तिच्यासाठी साऱ्या महाराष्ट्रातून एकच माणूस उठावा, हे त्यांना लागलं होतं. मला त्यांचं लागलं. म्हणून मी एक अगदी छोटी गोष्ट केली. मंगळवारी देवळात माझ्या थोरल्या जाऊबाई, प्रयागबाई, वाती करत बसल्या होत्या, त्यांच्याशेजारी मीही वाती वळायला बसले आणि म्हटलं, "अक्का, आमच्या फियाटची बोली पडलीय."

आता बाहेरच्यांना हे सांगायला हवं. आमच्या कळमजाईची यात्रा झाली की शेवटच्या संध्याकाळी देवीच्या साड्यांचा, नारळांचा, तोरणाचा लिलाव होतो. ज्या घरानं साडी वाहिली असेल त्या साडीची बोली पडू द्यायची नाही, हा आमचा शिरस्ता. बोली कमी राहिली तर त्या घराचा पाणउतारा. म्हणून भावकीतला प्रत्येक जण बोली चढवतो. साडी कुणाला हवी असते असं नाही. आणि एखाद्याच्या गळ्यात ती फारच महाग पडायला लागली, तर ज्यांची साडी त्यांनीच वरची बोली करून त्याला सोडवायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पैसे देवीला जातात आणि मान घराला राहतो.

प्रयागबाईंनी वात तशीच सोडली. म्हणाल्या, "बाळासायबाच्या गाडीची बोली पडली? आणि तू वाती वळत बसलीस?"

संध्याकाळपर्यंत आमचं भजनी मंडळ त्या साइटवर होतं. ज्यांच्याकडे साधा फोन होता, त्या प्रयागबाईंच्या सुनेच्या मोबाईलवरून आल्या, एकीचं झालं की दुसरी. मलाही सगळ्यांनी सांगितलं, घरचीची बोली पाहिजेच, शकून असतो. म्हणून मीही खातं उघडलं. नाव काय घालायचं ते सुचेना तेव्हा जे दर कागदावर सर्वांत वर लिहिते तेच लिहिलं, 'कळमजाई प्रसन्न'.

मग बातमी शिनोलीला माझ्या माहेरी गेली. माझा भाऊ भरत म्हणाला, बहिणीच्या दारची वस्तू आहे, मी मागं राहिलो तर तोंड कुठं दाखवू. त्यानं बोली लावली. शिनोलीनं लावली म्हटल्यावर येडगावहून अक्षदाचे सासरे, सावळेराम व्याही, गप्प बसणार नव्हते. मामानं लावावी आणि सासऱ्यानं लावू नये, असं कुठं असतं का?

बोली दोन लाखांवर गेली. आमचे हे मोबाईल उघडण्याआधी केस विंचरायला लागले. पारावर जाऊन सांगायला लागले की पारखी लोक अजून आहेत जगात, फक्त त्यांच्यापर्यंत पोचावं लागतं. दुसरी भाकरीच काय, तिसरीही खाल्ली. मला इतकं भरून येत होतं की काय सांगू. माणसं किती चांगली असतात! कुणाला गाडी नको, कुणाला चालवता येत नाही, पण एका माणसाची मान खाली जाऊ नये म्हणून दोन तालुके मोबाईल घेऊन बसले होते.

अक्षदाचा फोन आला. "आई, एवढी किंमत कशी चढली? मला हे बरोबर वाटत नाही. अशा लिलावांत भाव फुगवणारी टोळकी असतात. आपली माणसं घुसवून खोटी बोली लावतात आणि खऱ्या घेणाऱ्याला वर चढवतात. लक्ष ठेव."

मला फार वाईट वाटलं. चांगल्या कामातही असे लोक शिरतात. मी त्यांना सुबुद्धी मिळावी म्हणून देवीपुढे तुपाचा दिवा लावला आणि प्रयागबाईंना निरोप दिला, टोळकं आलंय म्हणे, जपून बोली लावा. त्यांनी मंडळातल्या सगळ्यांना सावध केलं. (दिवा आमच्यासाठीच लागला होता, हे कळायला अजून अवकाश होता.)

कोयनाकाठही चढत होता. आमच्यातल्या कुणी बोली लावली की थोड्या वेळानं त्याची वर यायची. मी म्हणायची, बघा, केवढी आवड. शेवटच्या दिवशी दुपारी मात्र त्यानं खाली लिहिलं, "माझी ऐपत इथं संपली. ज्यांच्याकडे गाडी जाईल त्यांना हात जोडून विनंती, तिला रोज थोडी तरी फिरवा. उभी ठेवू नका."

मी ते दोनदा वाचलं. चांगलं घर निघून चाललं होतं. पण चढलेली बोली माघारी कशी घ्यायची? आमच्या देवळात तशी सोयच नाही. मी मोबाईल मांडीवर घेऊन बसले आणि देवीला म्हटलं, तूच काय ते बघ.

दिवेलागणीला लिलाव संपणार होता. थोडा वेळ उरला असताना सावळेराम व्याह्यांचा फोन आला. एरवी ते माझ्याशी दोन शब्दांवर बोलत नाहीत.

"ईहीणबाई, बोली माजी वर हाय."

"हो का? फार मोठेपणा तुमचा."

"मोठेपणाचं ऱ्हाऊ द्या. कुनी मोडंना की! अर्धा तास झाला, समदे गार पडलेत. चार लाखाची फियाट मी नेऊन करू काय? दारात ट्रॅक्टर हाय, माज्या मंडळीला तर ह्यातलं काईच ठावं न्हाई. सोडवा मला."

व्याही संकटात. मुलीचे सासरे. मी निरांजन हातात घेतलेलं तसंच खाली ठेवलं आणि रीत पाळली. ज्यांची वस्तू त्यांनी सोडवायची. 'कळमजाई प्रसन्न'ची बोली व्याह्यांच्या वर टाकली. तिकडून व्याह्यांनी सोडलेला श्वास मला येडगावहून डिंगोऱ्यापर्यंत ऐकू आला. आकडे उलटे पळत शून्यावर आले. स्क्रीनवर फुगे उडाले आणि खाली अक्षरं आली, अभिनंदन, गाडी तुमची झाली.

त्याच वेळी ओट्यावर ह्यांच्या मोबाईलवर आलं, अभिनंदन, तुमची गाडी विकली गेली.

हे आत आले. केस विंचरलेलेच होते. "चार लाख पाच हजार," म्हणाले. "कोण असेल गं तो माणूस?"

मी सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते, पण तेवढ्यात कंपनीतून फोन आला. ह्यांनी मलाही ऐकता यावं म्हणून स्पीकर लावला. एक मुलगी फार अदबीनं बोलत होती.

"सर, तुमच्या लिलावात काही संशयास्पद बोली आढळल्या आहेत."

"संशय कसला त्यात? गाडीच तशी आहे," हे म्हणाले.

"एक बोलीदार सोडला तर बाकी सगळ्या बोली जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातून आल्या आहेत."

"आमच्या भागाला पारख आहे."

"सर, त्यांतले बरेच जण एकाच मोबाईलवरून आलेत."

"एकत्र कुटुंब असेल."

"आणि ज्यांनी गाडी जिंकली त्यांचा पत्ता तुमचाच आहे. खात्याचं नाव 'कळमजाई प्रसन्न'."

हे हळूहळू माझ्याकडे वळले. मी निरांजन पुन्हा उचलून हातात धरलं होतं, काहीतरी हातात असावं म्हणून.

"अहो, बोली पडली होती," मी म्हटलं. "मी फक्त अक्कांना सांगितलं."

फोनमधली मुलगी म्हणाली, "मॅडम, मालकाच्या माणसांनी असा भाव फुगवला तर ती फसवणूक होते."

"पोरी, आमच्याकडे याला मान राखणं म्हणतात. आमच्यातल्या कुणाला गाडी नकोच होती."

"तेच तर, मॅडम. एकाच माणसाला खरोखर हवी होती. आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यालाच वर चढवलंत."

अक्षदा ज्या टोळक्याबद्दल बोलत होती ते मला त्या क्षणी लख्ख दिसलं. वाती वळणारं, टाळ वाजवणारं, आणि त्याची म्होरकी मी. चांगलं घर मी देवीकडे मागितलं, देवीनं पहिल्याच दिवशी दारात आणून उभं केलं, आणि मीच त्याला ढकलून ढकलून घालवलं होतं.

मुलगी सांगत होती की लिलाव रद्द होईल, ही सगळी खाती बंद होतील. हे ऐकत होते. मला वाटलं, आता मोबाईल भिंतीवर जाईल. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी अजून ह्यांना पुरतं ओळखत नाही असं म्हणायला हवं. कारण हे म्हणाले, "ताई, चूक आमची आहे. लिलाव रद्द करा, पण ते प्रश्नांचं पान तेवढं रात्रभर चालू ठेवाल का? मला एक उत्तर द्यायचं राहिलंय."

मग चष्मा लावून, एका बोटानं, त्यांनी लिहिलं, "कोयनाकाठ यांस. या गाडीची बोली आमच्या घरच्या माणसांनी प्रेमापोटी वाढवली. त्यांना गाडी नको होती. तुमची पहिली बोली हीच खरी किंमत. मान्य असेल तर या. गाडी पुसून ठेवतो." खाली आपलं पूर्ण नाव, गाव, फोन नंबर. साऱ्या जगाला दिसेल असं.

"अहो, पारावर काय सांगाल?" मी विचारलं.

"हेच सांगीन," हे म्हणाले. मग चष्मा काढत, "किती जणांनी लावली गं बोली? सावळेरामसुद्धा?" आणि हसायलाच लागले. डोळे पुसत म्हणाले, "आमच्या गाडीसाठी सावळेराम चार लाख म्हणाला!" ते हसू अजून मधूनच येतं त्यांना.

कोयनाकाठचा फोन सकाळी आला. नाव सुदर्शन. म्हणाला, "काका, लिलाव बरेच बघितले. खाली येणारी किंमत पहिल्यांदा बघितली." रविवारी बायकोला घेऊन येतो म्हणाला.

नवस आता फेडायचा होता आणि लेकीची पाठवणी म्हणजे ती साधी कशी करायची? रविवारी पहाटे हे उठायच्या आत मी शेडमध्ये गेले. लेकीला सासरी धाडताना न्हाऊ घालतात. मी दोन हंडे पाणी ऊन केलं, हळद घातली आणि फियाटला डोक्यावरून आंघोळ घातली. बॉनेटही उघडलं. आतून बाहेरून निर्मळ जावी, म्हणून. मग पुसली, कुंकू लावलं, पुढच्या सीटवर खण, नारळ, तांदूळ ठेवले.

सुदर्शन आला तर अंगणात सगळे बोलीदार हजर. भजनी मंडळ, भरत, सावळेराम. आपण जिच्यासाठी बोली लावली तिला नेतोय कोण, ते बघायला. प्रयागबाईंनी त्याला पाटावर बसवून विचारून घेतलं, घर स्वतःचं का, गाडीला छप्पर हाय का, पिता का. तो निमूट उत्तरं देत होता. त्याची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मग ह्यांनी किल्ली त्याच्या हातात दिली. देताना मूठ जरा उशिरा उघडली, तेवढंच.

सुदर्शननं किल्ली फिरवली. गाडी नुसती खाकरली. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"माहेर सोडवंना तिला," प्रयागबाई म्हणाल्या.

मग सगळे सरसावले. सावळेराम, भरत, मंडळातल्या बाया, पदर खोचून. भाव ढकलणारे तेच सारे हात आता गाडी ढकलत होते. वेशीपर्यंत ढकलली. ती काही चालू होईना. मी हात जोडून डोळे मिटले.

हे गुडघा धरत आले, बॉनेट उघडलं, आत वाकले. बराच वेळ वाकलेलेच. मी जवळ गेले तर इंजिनाला ठिणगी पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं टोपण त्यांच्या हातात होतं आणि त्यात पिवळं पाणी. हळदीचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या पायांकडे. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, टोपण आतून नीट कोरडं केलं, बसवलं, बॉनेट लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काही नाही. जाताना रडली जराशी."

पुढच्या किल्लीला गाडी चालू झाली.

ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हे उभे होते. मीही होते. नंतर सुदर्शनच्या बायकोनं फोटो पाठवला, फियाटमध्ये एक नवरी बसलेली, डोळे पुसत, आणि मागच्या काचेला माझं कुंकू तसंच. हे तो फोटो ज्याला त्याला दाखवतात. गुडघ्याचं दुखणं त्या वेळी बरं असतं.

म्हणून सांगते, बायांनो, तुमच्या दारात असं काही असेल, ज्यानं आयुष्यभर तुमची ओझी वाहिली, तर त्याच्यासाठीही नवस बोला. चांगलं घर मागा, देवी देते. फक्त एवढं करा, देवळात जाऊन स्वतःच्या तोंडानं बोला, त्या साइटवर नको. तिथं माझ्या कर्तृत्वानं कळमजाईचं खातं कायमचं बंद झालंय.